क्वाइट म्हणजे किती?

प्रत्येक ऑफिसात किस्से साचतात. कुठं साहेबावर, कुठं कँटीनच्या सांबारावर, कुठं लिफ्टमध्ये अडकलेल्या कुणावर. आमच्याकडं मात्र सगळे किस्से एका शब्दावर साचले. कपाट उघडलं की अंगावर पडावेत इतके! शब्द काही मोठा भारी नाही. इंग्रजीतला ‘क्वाइट’. शाळेतली पोरंसुद्धा वापरतात.

आमचं काम काय ते आधी सांगते. लंडन-न्यूयॉर्कला छापली जाणारी पुस्तकं आणि जर्नल्स छापण्याआधी चेन्नईला येतात. इथं नुंगंबाक्कमला, एका साड्यांच्या शोरूमच्या वरच्या मजल्यावर बसून आम्ही त्यातले स्वल्पविराम हलवायचो, स्पेलिंगं तपासायचो, लेखकांची मोडकी वाक्यं सरळ करायचो. कॉपी एडिटर म्हणतात आम्हाला. पुस्तकावर आमचं नाव कुठंच येत नाही. चूक राहिली तरच आमची आठवण होते.

डेस्कवर माणसं बरीच होती, पण हे किस्से मुख्यतः तिघांचे. मी मेधा, मिरजेची. नवऱ्याला श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून इकडं आलेली. दुसरी सेल्वी, रोज तांबरमहून ट्रेननं येणारी आणि कुणाचं ऐकून न घेणारी. आणि आमच्या डेस्कचे प्रमुख गोपाळराव. त्यांना सगळं ऑफिस ‘रावसार’ म्हणायचं; इकडं ‘सर’चं ‘सार’ होतं.

आता ते डेस्क राहिलेलं नाही. त्यामुळं नवे किस्से यायचेही थांबलेत. तेवढीच सोय झाली म्हणायची!

*

माझी मुलाखत रावसारांनीच घेतली. एम.ए.ची मार्कलिस्ट त्यांनी बघितलीसुद्धा नाही. इंग्रजीतली दोन वाक्यं म्हणून दाखवली. ‘हॉल क्वाइट एम्प्टी होता.’ आणि ‘गाणं क्वाइट गुड झालं.’

"सांगा, हॉल किती रिकामा आणि गाणं किती चांगलं?"

मी म्हटलं, "दोन्ही बऱ्यापैकी."

"चूक. हॉल पूर्ण रिकामा. गाणं जेमतेम."

माझी नोकरी तिथंच गेली असं वाटलं. घाबरून तोंडातून निघून गेलं, "म्हणजे कुणी आलं नाही ते बरंच झालं की!"

रावसार इतके हसले की बाहेरून मॅनेजर डोकावला. नोकरी लागली!

मग त्यांनी माझं आडनाव पुन्हा वाचलं आणि एकदम म्हणाले, "मराठी आ तुम्ही?"

ते तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज तिथल्या मराठा राजांच्या वेळी आलेले, आणि मराठीही त्यांच्यासोबत तेव्हाचीच आलेली. कधी ‘का’च्या जागी तामिळ ‘आ’; कुणी बखर तामिळ चालीत वाचतंय असं वाटायचं. मला त्यांचं इंग्रजी जास्त कळायचं! त्या दिवशी निघताना ते मला म्हणाले, "कांहीं भिऊं नको पोरी. डेस्कवरलीं मंडळी तुला पाहून घेतील."

मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, पहिल्याच दिवशी धमकी मिळाली. ‘पाहून घेतील’ म्हणजे त्यांच्या मराठीत ‘सांभाळून घेतील’, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

*

त्या शब्दाची गोष्ट रावसार नव्या माणसाला एकदा सांगायचेच.

मुळात ‘क्वाइट’ म्हणजे पूर्ण. पुरता. अगदी. त्यात कमी-जास्त काही नव्हतंच. जुन्या इंग्रजीत कुणी ‘क्वाइट’ म्हटलं की विषय संपला. मग शे-दीडशे वर्षांमागं लोकांनी तो भिडेखातर वापरायला सुरुवात केली. जेवण बेताचं झालं, पण यजमानीण समोर उभी आहे. म्हणा क्वाइट नाइस! असा वापरून वापरून शब्द पातळ झाला. आता ज्या गोष्टीत अधलं-मधलं नसतं, म्हणजे रिकामं, मेलेलं, अशक्य, तिथं तो अजून ‘पूर्ण’. आणि ज्यात कमी-जास्त असतं, चांगलं, गरम, हुशार, तिथं तो ‘बऱ्यापैकी’. हे इंग्लंडात. अमेरिकेत त्याच ‘क्वाइट गुड’चा अर्थ ‘फार छान’.

"आणि आपल्याकडं, सार?" मी विचारलं.

"आपल्याकडें लोक तो वाक्य भरायला घालतात."

सेल्वी म्हणाली, हा शब्द डिक्शनरीतून काढून टाकायला हवा. रावसारांनी मला मराठीत विचारलं, "तुमचें ‘बरें’ काढशील का? बरा झाला म्हणजे पूर्ण बरा. बरा आहे म्हणजे जेमतेम. आणि बराच म्हणजे पुष्कळ. काढ बघूं!"

नाही काढता आलं.

*

एकदा लंडनच्या मोठ्या गिऱ्हाइकाकडून मेल आली. ‘या तिमाहीतलं तुमचं काम क्वाइट गुड होतं.’ आमचे मॅनेजर प्रभाकरन आनंदानं वेडे झाले. शिपायाला पळवून मैसूरपाक आणला, स्वतः डबा घेऊन प्रत्येकाच्या टेबलाशी फिरले.

रावसारांनी तुकडा उचलला. तोंडाशी नेला. मग विचारलं, "मेल अमेरिकेतून आली की लंडनहून?"

"लंडनहून, सार."

रावसारांनी तुकडा परत डब्यात ठेवला.

प्रभाकरनना कळेना. रावसार म्हणाले, "वाक्य मोठ्यानं वाचा. एकदा ‘गुड’वर जोर देऊन. मग एकदा ‘क्वाइट’वर."

प्रभाकरननी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते हसत होते. दुसऱ्यांदा वाचलं आणि डबा हळूच टेबलावर टेकवला.

"पण सार, मेलमध्ये जोर कुठंय ते कसं कळणार?"

"म्हणून तर ते लेखी देतात!"

ते गिऱ्हाईक पावसाळ्याआधी गेलं. आमचं काम कुठल्याशा दुसऱ्या देशात, आणखी स्वस्तात व्हायला लागलं. आमच्या समोरच्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. क्वाइट रिकाम्या. त्याबद्दल व्याकरणात काही वाद नव्हता.

*

‘क्वाइट’ आणि ‘क्वाएट’ यांत इंग्रजीत शेवटच्या दोन अक्षरांची फक्त अदलाबदल आहे. पहिला पूर्ण किंवा बऱ्यापैकी, दुसरा शांत. जगातले निम्मे लेखक इथं घसरतात, आणि त्यावर आमची पोटं चालायची.

सेल्वीकडं एका डॉक्टरचा लेख आला होता. दूरच्या कुठल्यातरी देशातलं एक छोटं हॉस्पिटल, तिथं आलेली साथ, आणि हा एकटा डॉक्टर. त्यात वाक्य होतं, ‘तिसऱ्या आठवड्यानंतर लहान मुलांचा वॉर्ड क्वाइट होता.’

सेल्वीनं लेखकाला नेहमीसारखी शंका लिहून पाठवली. ‘क्वाइट नंतर शब्द राहिलाय का? वॉर्ड क्वाइट काय होता? भरलेला? की आपल्याला क्वाएट म्हणायचंय?’

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘क्वाएट करा. भरायला कुणी उरलं नव्हतं.’

सेल्वीनं दोन अक्षरं बदलली. फाइल सेव्ह केली. त्या दुपारी तिनं डबा उघडला नाही. रावसारांनी आपला दहीभात तिच्यापुढं सरकवला, तर म्हणाली, "सार, मी त्याला विचारायलाच नको होतं. मी सरळ दुरुस्त करायला हवं होतं."

रावसार म्हणाले, "विचारायचं असतं. आपलं काम तेवढंच आहे."

*

सेल्वीच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलगा बँकेत, आई-वडील अण्णानगरला. फोटो, पत्रिका सगळं जुळलं. मग मुलाच्या आईनं सेल्वीच्या आईच्या फोनवर इंग्रजीतून मेसेज पाठवला, ‘मुलगी क्वाइट एज्युकेटेड आहे, आम्हाला आवडली.’

कुठल्याही मुलीनं लाजून फोन बाजूला ठेवला असता. सेल्वीनं आईच्या फोनवरून उत्तर दिलं, ‘आंटी, पूर्ण. एम.ए., एम.फिल.’

स्थळ मोडलं. मध्यस्थ बाईंकडून निरोप आला, मुलगी क्वाइट वाद घालणारी आहे.

सेल्वी डेस्कवर येऊन म्हणाली, "सार, हा मात्र अमेरिकन अर्थानं होता!"

आम्ही पोट धरून हसलो. तीही हसली. मग उठून बाथरूमला गेली ती बराच वेळ आली नाही. तिच्या आईनं तिच्याशी महिनाभर बोलणं टाकलं होतं, हे मला नंतर तांबरमच्या तिच्या शेजारणीकडून कळलं.

*

लंडनच्याच एका छोट्या प्रकाशकाचं एक पुस्तक रावसारांनी स्वतःकडं ठेवून घेतलं होतं. दोनशे वर्षांपूर्वी मद्रासला नोकरीला आलेल्या कुणा साध्या कारकुनानं घरी बहिणीला लिहिलेली पत्रं. रावसारांना ती फार आवडली. उन्हाळा, डास, आंबे, आजारी पडणारी मुलगी. एका पत्रात त्यानं लिहिलं होतं, ‘ताप उतरला. आपली मेरी आता क्वाइट वेल आहे.’

प्रकाशकाकडं नवा तरुण संपादक होता. आजच्या वाचकांना सोपं जावं म्हणून त्यानं ठिकठिकाणी शब्द बदलले होते. त्यानं इथं केलं, ‘मेरी आता बऱ्यापैकी आहे.’

रावसारांनी त्याला मेल लिहिली. त्या काळी क्वाइट वेल म्हणजे पूर्ण बरी. त्या संपादकानं उत्तर दिलं, आजचा वाचक तसं वाचणार नाही. रावसारांनी पुन्हा लिहिलं, मग ‘पूर्ण बरी’ करा. उत्तर आलं, इतका खात्रीचा शब्द मूळ मजकुरात दिसत नाही. रावसारांनी तिसरी मेल लिहिली. ती त्यांनी आम्हाला वाचून दाखवली होती:

‘महाशय, एका बापानं बहिणीला कळवलं की माझी मुलगी खडखडीत बरी झाली. दोनशे वर्षांनी तुम्ही तिला परत ताप आणताय.’

त्यावर एकाच शब्दाचं उत्तर आलं. ‘क्वाइट.’

आता नुसतं ‘क्वाइट’ म्हणजे ‘अगदी बरोबर’! सेल्वीनं टेबल वाजवलं. प्रभाकरननी अभिनंदन केलं. रावसार मात्र मेलकडं बघत राहिले. "किंवा त्याचा अर्थ ‘बास करा आता’ असाही होतो," ते म्हणाले.

पुस्तक छापून आलं. रावसारांनी ते पान आधी काढलं.

मेरी बऱ्यापैकी होती.

*

रावसारांच्या पत्नी कमलाक्का. आम्ही त्यांना सणासुदीला भेटायचो. आंबट भाजी आणि गोड सार करून वाढायच्या आणि ‘आणखी घ्या’ म्हणायला रावसारांना पुढं करायच्या. एका सकाळी पूजेची फुलं निवडताना त्या खाली पडल्या. मेंदूत रक्ताची गुठळी.

मुलगा परदेशात. हॉस्पिटलमध्ये रावसारांच्या सोबत मी होते. कमलाक्कांना आयसीयूतून वॉर्डात आणलं त्या दिवशी एक तरुण डॉक्टर बाहेर आला आणि इंग्रजीत म्हणाला, "शी इज क्वाइट स्टेबल."

रावसारांनी विचारलं, "डॉक्टर, तुमचं शिक्षण कुठं झालं?"

डॉक्टरचा चेहरा बदलला. "मदुराईला. का? दुसऱ्या कुणाचं मत घ्यायचंय का?"

"नाही, नाही. लंडनला नाही ना? अमेरिकेत?"

"नाही!" आणि डॉक्टर तरातरा निघून गेला.

मी त्याच्या मागं धावले. माफी मागितली, समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "त्यांनाच आधी कुणाला तरी दाखवा."

परत आले तर रावसार बाकावर बसून माझ्याशीच बोलल्यासारखे बोलत होते. "मदुराईचें क्वाइट कुठल्याच डिक्शनरींत नाहीं गं. पण पाहा, स्टेबल. स्टेबल म्हणजे एम्प्टीसारखा शब्द. त्यांत अधलें-मधलें नसतें. म्हणजे पूर्ण. होय कीं नाहीं? पूर्णच झालें."

मी हो म्हटलं. एरवी एवढ्यावर त्यांनी मला सोडलं नसतं. आधाराला दुसरं वाक्य विचारलं असतं. त्या दिवशी नुसतं माझं ‘हो’ त्यांना पुरलं.

संध्याकाळी कमलाक्कांना परत आयसीयूत हलवलं.

सेल्वी ऑफिसातून तशीच आली होती. आयसीयूच्या दाराशी छापील बोर्ड होता, ‘प्लीज कीप क्वाइट’. पूर्ण काय ठेवायचं ते लिहिलेलं नव्हतं. सेल्वीनं पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं.

"राहूं दे," रावसार म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी चूक राहू दिलेली मी पहिल्यांदा पाहिली.

*

रावसार रजेवर होते तेव्हाच कंपनीत ते नवं सॉफ्टवेअर आलं. आमच्याच जुन्या दुरुस्त केलेल्या फाइली त्याला खाऊ घातल्या होत्या, म्हणजे बहुतेक रावसारांच्याच. ते मिनिटाभरात अख्खं पुस्तक तपासायचं. आणि प्रत्येक ‘क्वाइट’ खोडायचं! शेजारी टीप यायची, ‘अनावश्यक शब्द’.

कमलाक्का घरी आल्यावर रावसार कामावर रुजू झाले, तर त्यांना नवं काम दिलं होतं. मशीननं केलेलं काम तपासणं. पहिलीच एक रहस्यकथा. मूळ वाक्य, ‘ते पोचले तेव्हा तो माणूस नॉट क्वाइट डेड होता.’ मशीननं केलं, ‘नॉट डेड होता.’

रावसारांनी प्रभाकरनना बोलावलं.

प्रभाकरन म्हणाले, "अर्थ तोच ना सार? मेला नव्हता म्हणजे जिवंत. वाक्य छोटं झालं."

"प्रभाकरन, पहिल्या वाक्यातल्या माणसाकडं तुम्ही धावत जाल. दुसऱ्या वाक्यातल्याला ‘कॉफी घेणार का?’ म्हणून विचाराल."

प्रभाकरन बिचारे वाईट नव्हते. खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "सार, मला कळतंय. वरच्यांना कोण सांगणार? आणि खरं सांगू? कुणाच्या लक्षातही येणार नाही."

पुस्तक तसंच छापलं गेलं. एकाही वाचकाची तक्रार आली नाही. तक्रार येईल म्हणून रावसार कितीतरी दिवस वाट बघत होते.

*

डेस्क बंद करण्याची मीटिंग व्हिडिओवर झाली. बेंगळुरूहून एचआरची एक गोड आवाजाची मुलगी बोलत होती. आमच्या डेस्कवर उरलेले सगळे एका स्क्रीनसमोर दाटीवाटीनं उभे. ती म्हणाली, "तुम्हा सगळ्यांना याहून चांगली संधी मिळेल, याबद्दल आम्ही क्वाइट सर्टन आहोत."

सेल्वीनं पुढं होऊन माइक चालू केला. "मॅडम, सर्टन म्हणजे खात्री. त्यात अधलं-मधलं नसतं. म्हणजे तुम्हाला पूर्ण खात्री आहे?"

"हो, म्हणजे... अर्थातच!"

"मग तेवढं लिहून द्या."

स्क्रीनवरची मुलगी तोंड उघडं ठेवून स्थिर झाली. कनेक्शन गेलं म्हणे! पुन्हा काही लागलं नाही.

आम्ही टेबलं आवरायला घेतली. डिक्शनऱ्या कुणी न्यायच्या यावरून एरवी भांडणं झाली असती. त्या दिवशी कुणालाच नको होत्या. रावसार आपल्या खुर्चीत बसून होते. म्हणाले, नोकरी सोडण्याचा ‘क्विट’ आहे ना, तो आणि आपला ‘क्वाइट’ सख्खी भावंडं आहेत. मुळात अर्थ एकच, सुटलेला, मोकळा झालेला. पूर्ण मोकळा, म्हणून पूर्ण.

"आणि क्वाएट, सार? शांत?"

"तोही त्याच घरातला."

सेल्वीनं डब्याची पिशवी खांद्याला लावली. "मग सार, आज आपण त्या घरातले तिन्ही शब्द झालो."

*

गेल्या महिन्यात मी आणि सेल्वी रावसारांकडं गेलो होतो, वेस्ट मांबलमला. सेल्वी आता पोरांना ऑनलाइन इंग्रजी बोलायला शिकवते. मी घरीच आहे. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांना लिहिलं, उत्तरं येत नाहीत.

दार रावसारांनी उघडलं. लुंगी, खांद्यावर टॉवेल, हाताला उकडलेल्या भाताचा वास. सगळं तेच करतात. स्वयंपाक, आंघोळ घालणं, कूस बदलणं. सकाळी एक बाई तासभर येते. मुलगा फोन करतो.

कमलाक्का खिडकीशी खुर्चीत होत्या. उजवी बाजू गेलेली. वाचाही गेली. मराठी गेली, तामिळ गेली, देवांची नावं गेली, मुलाचं नाव गेलं. एकच शब्द उरला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. कुठला शब्द उरणार ते कुणाच्या हातात नसतं.

कमलाक्कांना इंग्रजी कधीच येत नव्हतं. पण रावसार रोज रात्री जेवताना डेस्कवरच्या गोष्टी सांगायचे, आणि ऐकून ऐकून त्यांनी तेवढा एक शब्द उचलला होता, नवऱ्याला चिडवायला. स्वयंपाक झाला का? क्वाइट! दिवा लावलास का? क्वाइट! दोघं हसायची.

रावसार आम्हाला सांगत होते, "ती बोलायला शिकवणारी मुलगी येते ना, ती मला पुसते, सर, त्या म्हणतात तो शब्द कुठल्या भाषेंतला? मीं सांगितलें, इंग्रजी. ती म्हणाली, त्यांना इंग्रजी येतें? मीं म्हटलें, नाहीं!"

ते हसले. आम्हीही हसलो. कमलाक्का आमच्याकडं बघत होत्या.

"कॉफी आ?" त्यांनी कमलाक्कांना विचारलं.

"क्वाइट."

"पाहा, हें ‘होय’." ते आत जाऊन कॉफी घेऊन आले. चमच्यानं पाजली. हनुवटीवरून ओघळलेली टॉवेलनं टिपली. "उशी लावूं?"

"क्वाइट."

"हें ‘नको’. आतां मला सगळें समजतें."

उशी त्यांनी ठेवून दिली. खरंच नको होती की काय, कोण जाणे. कमलाक्कांचा चांगला हात खुर्चीच्या दांड्यावर बोटं आपटत होता. सेल्वीनं तो हात धरला तेव्हा त्या थांबल्या.

रावसार थकलेले दिसत होते. दाढी वाढलेली, सदऱ्याचं बटण चुकीच्या काजात. ते कमलाक्कांच्या पुढ्यात जमिनीवरच बसले, आम्ही तिथं आहोत हे विसरल्यासारखे. त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली आणि विचारलं,

"कमले, नीट सांभाळतों का गं मी तुला?"

कमलाक्कांनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाहेर गल्लीत भाजीवाल्याची गाडी ओरडत येऊन पुढं निघून गेली.

"क्वाइट," त्या म्हणाल्या.

रावसारांनी वळून आधी सेल्वीकडं, मग माझ्याकडं पाहिलं.

"ऐकलेंत?" ते म्हणाले.